रहस्यकथेत काय लपवायचं आणि काय दाखवायचं?

रहस्यकथा वाचून संपली की वाचकाच्या तोंडून दोनपैकी एक वाक्य निघतं. "अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोर होतं!" किंवा "पण हे आधी सांगितलंच कुठे होतं?" पहिलं वाक्य निघालं तर कथा जमली. दुसरं निघालं तर वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि त्या लेखकाचं पुढचं पुस्तक तो सहसा हातात घेत नाही.

रहस्यकथा लिहिणं म्हणजे उत्तर लपवणं, असं नव्याने लिहिणाऱ्या बहुतेकांना वाटतं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. उत्तर वाचकाच्या हातात आधीच द्यायचं असतं. आपल्या हातात आलंय ते उत्तर आहे, एवढंच त्याला कळू द्यायचं नसतं. ही कारागिरी नेमकी कशी चालते, ते या लेखात उलगडून पाहू.

या कारागिरीची चर्चा सर्वात मोकळेपणाने होते ती लेखक-वाचकांच्या संमेलनांत, आणि अशी बरीच संमेलनं शरद ऋतूच्या आसपास भरतात. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात २०१२पासून सप्टेंबरमध्ये 'ब्लडी स्कॉटलंड' भरतं. आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये २०१३ साली 'आइसलँड न्वार' सुरू झालं. ते नोव्हेंबरमध्ये असतं. अमेरिकेतलं 'बाउचरकॉन' यांच्यात वयाने मोठं. समीक्षक-संपादक अँथनी बाउचर यांच्या नावाने ते १९७० साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात पहिल्यांदा भरलं, आणि तेव्हापासून गावोगाव फिरतं. जपानमध्ये तर शरद हा वाचनाचाच ऋतू मानतात. तिथला 'वाचन सप्ताह' २७ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर असा चांगला दोन आठवडे चालतो. रात्री मोठ्या होऊ लागतात, वर्षअखेरीची नवी पुस्तकं बाजारात येतात आणि माणसं घरात बसून वाचू लागतात. काळ अगदी सोयीचा.

या संमेलनांचं स्वरूप साधं असतं. मंचावर चार-पाच लेखक आणि एक सूत्रधार, तासभर गप्पा, मग प्रश्नोत्तरं, मग पुस्तकांवर सह्या. 'ब्लडी स्कॉटलंड'मध्ये अप्रकाशित लेखकांना आपल्या कादंबरीची कल्पना काही मिनिटांत प्रकाशकांपुढे मांडायची संधी मिळते. 'बाउचरकॉन'चे अँथनी पुरस्कार परीक्षक ठरवत नाहीत, तिथे आलेले लोकच मतदान करून ठरवतात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तिथे वाचक लेखकाला तोंडावर विचारू शकतो, "हा धागा तुम्ही आधी कुठे दिला होता?" दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात वाचकाचा असा हिशेब मागायचा हक्क कोणी मान्य केला असेल, असं मला वाटत नाही.

हा हक्क मुद्दाम मान्य केला गेला, आणि त्याचा इतिहास फार जुना नाही. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू होते आणि रहस्यकथाही लिहीत. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर झाला पाहिजे, दैवी शक्ती चालणार नाही, कोणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, गुप्तहेराला योगायोगाने उत्तर सापडता कामा नये, असे ते नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष होते. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे आणि त्या सोहळ्यात माणसाची एक कवटीही असे. ऐकायला गंमत वाटते, पण शपथेतला मजकूर गंभीर होता: महत्त्वाचा धागा वाचकापासून कधीही लपवणार नाही. त्याच सुमारास अमेरिकेत 'एलरी क्वीन' या एकाच नावाने लिहिणारे दोन चुलतभाऊ आपल्या कादंबऱ्यांत शेवटच्या उलगड्याआधी थांबत आणि वाचकाला उघड आव्हान देत की आता सगळी माहिती तुमच्याकडे आहे, सांगा गुन्हेगार कोण.

नियम आज कोणी शब्दशः पाळत नाही. शपथेतलं ते एक वाक्य मात्र टिकलं.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. १९६६ साली त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने एक गोष्ट फार स्वच्छ मांडली. रहस्यकथेत खरं तर दोन कथा असतात. पहिली गुन्ह्याची कथा. ती पुस्तक सुरू होण्याआधीच घडून गेलेली असते. दुसरी तपासाची कथा. आपण पान उलटत वाचतो ती हीच. पहिली कथा वाचकाला कधीच सरळ दिसत नाही. दुसऱ्या कथेत तिचे तुकडे सापडत जातात, तेही उलटसुलट क्रमाने.

लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. पहिली कथा आधी लिहून काढायची, अगदी घड्याळ लावून. गुन्हेगार किती वाजता कुठे होता, त्याने कशाला हात लावला, कोणाशी बोलला, आणि सर्वात महत्त्वाचं, त्याला काय माहीत नव्हतं. ही टिपणं छापायची नसतात, पण ती नसतील तर पुढची सगळी इमारत डळमळते. काही लेखक आधी आराखडा न करता लिहीत जातात आणि खुनी कोण हे त्यांनाही मध्यावर कळतं. तेही चालतं, मात्र मग मागे जाऊन धागे पेरावेच लागतात. कष्ट फक्त नंतर येतात. अ‍ॅगाथा ख्रिस्तींच्या ७३ वह्या मागे राहिल्या आहेत. त्यांत त्या एकाच मांडणीसाठी वेगवेगळे खुनी तपासून पाहताना दिसतात.

एक नमुना घेऊ. मी तो या लेखापुरता रचला आहे.

एक वृद्ध प्राध्यापक आपल्या अभ्यासिकेत मेलेले सापडतात, डोक्यावर घाव. त्यांचा लेखनिक त्याच घरात राहतो. खुनी तोच. घडलं ते असं: साडेआठला त्याने खून केला, पावणेनऊला हत्यार आणि काही कागद घेऊन तो बाहेर पडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याची विल्हेवाट लावली, साडेअकराला परतला आणि बाराला पोलिसांना फोन केला. जबाबात तो म्हणतो, "मी संध्याकाळपासून घरीच होतो. सव्वादहाला दाराची घंटा वाजली. सर स्वतः दार उघडायला गेले. थोडी बोलाचाली ऐकू आली, मग दार आपटल्याचा आवाज." म्हणजे त्याने एक पाहुणा मनाने निर्माण केला आणि मृत्यूची वेळ पुढे ढकलली.

त्याला काय माहीत नव्हतं? त्या रात्री नऊ ते अकरा त्या भागातली वीज गेली होती. विजेवरची घंटा सव्वादहाला वाजूच शकत नाही. खोटं इथे पकडलं जाणार.

आता वाचकाला हे आधी सांगायचं कसं? एखाद्या पोलिसाने "काल नऊ ते अकरा वीज नव्हती" असं जबाबाच्या जरा आधी म्हटलं तर खेळ खलास. म्हणून ही माहिती तुकड्यांत द्यायची, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचं वेगळं काम द्यायचं.

पहिला तुकडा मृतदेहाच्या खोलीत. टेबलावरचं विजेवर चालणारं जुनं घड्याळ बरोबर दोन तास मागे आहे. वाचकाचे कान लगेच टवकारतात. घड्याळ आणि खून एका खोलीत दिसले की त्याला वाटतं, खुन्याने काटे फिरवले. तपास अधिकाऱ्याचा तरुण मदतनीस हाच तर्क उत्साहाने मांडतो. मांडू द्यायचा.

दुसरा तुकडा शेजारणीच्या तोंडी. तिला प्राध्यापकांबद्दल विचारलं जातं, पण तिचं दुःख वेगळंच आहे:

"आठ महिने मी ती मालिका बघतेय, साहेब. काल शेवटचा भाग. नऊला नेमकी वीज गेली ती अकरापर्यंत आलीच नाही. आता कोणाला विचारू शेवटी काय झालं ते? आणि प्राध्यापकांचं म्हणाल तर त्यांनी आजवर कधी साधं 'बऱ्या आहात ना' म्हणून विचारलं नाही."

वाचक हे ऐकतो आणि मनात नोंद करतो की शेजारीण बोलघेवडी आहे आणि तिचा प्राध्यापकांवर राग आहे. वीज गेल्याची नोंद होते, पण स्वभावचित्रणाच्या खात्यात. शिवाय शेवटचं वाक्य मुद्दाम प्राध्यापकांबद्दल ठेवलंय. परिच्छेदातलं शेवटचं वाक्य लक्षात राहतं आणि मधलं मागे पडतं, म्हणून धागा मध्ये ठेवायचा.

तिसरी चाल मला सर्वात आवडते. अधिकारी स्वतःच मदतनिसाचा तर्क खोडून काढतो. तो म्हणतो, काटे कोणी फिरवले नाहीत; दोन तास वीज नव्हती, म्हणून घड्याळ मागे पडलं. खात्री करायला ते घराचा मुख्य स्विच बंद करून बघतात, घड्याळ थांबतं. तेवढ्यात बाहेरून आलेला हवालदार बराच वेळ दारात उभा राहून शेवटी दार ठोठावतो. प्रश्न सुटला, प्रकरण मिटलं. वाचकाच्या लेखी वीज गेल्याची गोष्ट आता वापरून संपली. घड्याळाचं कोडं सोडवण्यासाठीच ती होती, असं त्याला वाटतं. ज्या माहितीने एकदा काम केलंय ती पुन्हा काम करेल, अशी शंका फार कमी लोकांना येते.

त्यानंतर पन्नास-साठ पानांनी लेखनिकाचा जबाब. "सव्वादहाला दाराची घंटा वाजली." वाचकाला सगळं माहीत आहे. वीज कधी नव्हती हे अधिकाऱ्याने उघड सांगितलंय, घंटा विजेवर चालते हे हवालदाराने दार ठोठावून दाखवलंय. तरीही वाचक त्या वाक्यावरून पुढे निघून जातो, कारण त्याचं सगळं लक्ष 'तो पाहुणा कोण' याकडे आहे.

हवालदाराबद्दलचं ते एक वाक्य गाळलं असतं तर चाणाक्ष वाचक शेवटी म्हणाला असता, घंटा बॅटरीवर चालणारी असेल. त्याचं बरोबरच असतं. रहस्यकथेच्या फेरलेखनात निम्मा वेळ अशी भोकं बुजवण्यात जातो, आणि बुजवतानाही ठिगळ दिसता कामा नये.

या नमुन्यातलं घड्याळ हा एकाच वेळी खरा धागा आणि चकवा आहे. चकव्याबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण इथे नवखे लेखक सर्रास घसरतात. ते रस्त्यावर एक संशयास्पद माणूस उभा करतात, तो दोनदा मागे वळून पाहतो आणि मग कथेतून नाहीसा होतो. शेवटी त्याचं काय झालं, याला उत्तर नसतं. ही पोकळ चाल झाली. चांगला चकवा ही खरी घटना असते, तिचा अर्थ तेवढा चुकीचा लावला गेलेला असतो. समजा, आपल्या नमुन्यात प्राध्यापकांचा एक पुतण्याही आहे आणि तो खोटं बोलतोय, कारण त्याने नोकरी गेल्याचं घरी लपवलंय. त्याच्या खोटेपणालाही पूर्ण कारण हवं, आणि ते कारण खुनाच्या कारणाइतकंच माणसाचं हवं. असं झालं की चकव्यातून कथेला खोली येते. संशयितांपैकी प्रत्येकाकडे झाकून ठेवावंसं काहीतरी असतं, एवढं एक पथ्य पाळलं तरी चकवे वेगळे शोधावे लागत नाहीत.

धाग्यांचा आणखी एक प्रकार फार ताकदीचा आहे: जे घडायला हवं होतं पण घडलं नाही ते. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या एका कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही यावरून होम्स ओळखतो की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. नसलेल्या गोष्टीकडे माणसाचं लक्ष जात नाही, म्हणून तिला लपवावंच लागत नाही.

कथा कोणाच्या नजरेतून सांगायची, हा प्रश्न इतर कथांत शैलीचा असतो; इथे तो प्रामाणिकपणाचा होतो. माझ्या मते नियम एवढाच आहे: पात्राने हवं तेवढं खोटं बोलावं, निवेदकाने बोलू नये. "सव्वादहाला घंटा वाजली," असं लेखनिक अवतरणचिन्हांत म्हणू शकतो. तेच वाक्य निवेदकाने स्वतःच्या आवाजात लिहिलं तर वाचकाशी दगा झाला. तसंच खुन्याच्या मनात शिरून त्याचे विचार लिहायचे आणि त्यातून नेमका खून तेवढा वगळायचा, हेही पटत नाही. लेखनिकाला बाहेरूनच दाखवावं: तो काय बोलतो, काय करतो, हात कुठे ठेवतो. म्हणूनच जुन्या कथांत गुप्तहेराचा मित्र निवेदक असायचा. त्याला सगळं दिसतं, पण अर्थ लागत नाही. नॉक्स यांच्या नियमांत या मित्राची बुद्धी सरासरी वाचकापेक्षा किंचित कमी असावी आणि त्याने मनात आलेलं काहीही लपवू नये, असं सांगितलं होतं. त्या 'किंचित'ला महत्त्व आहे. मित्र अगदीच मठ्ठ निघाला तर वाचक वैतागतो.

वैद्यकीय तपशिलांचं एक सांगायला हवं. अनेक कथांत डॉक्टर येतात, मृतदेहाकडे पाहतात आणि "मृत्यू दहा वाजून वीस मिनिटांनी झाला" असं सांगून जातात. प्रत्यक्षात असं सांगता येत नाही. मृत्यूनंतर शरीर थंड होत जातं, ढोबळमानाने तासाला एक अंश सेल्सियसच्या आसपास; पण खोलीची ऊब, अंगावरचे कपडे, शरीराची ठेवण यांनी हा वेग बदलतो. शरीर ताठरणं साधारण दोन-चार तासांत सुरू होतं, तेही हवामानावर अवलंबून. त्यामुळे तज्ज्ञ एक पट्टा देतात, नेमकी वेळ देत नाहीत. लेखकाला यात अडचण वाटण्याचं कारण नाही. आपल्या नमुन्यात डॉक्टर "आठ ते साडेदहाच्या दरम्यान" म्हणतात म्हणूनच लेखनिकाच्या खोट्याला जागा मिळते.

या बाबतीत संमेलनांचा मोठा उपयोग होतो, कारण तिथे न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि निवृत्त पोलीसही बोलायला येतात. हे नातं किती घट्ट होऊ शकतं याचं उदाहरण स्कॉटलंडमध्येच आहे. डंडी विद्यापीठाला नव्या शवागारासाठी दहा लाख पौंड उभे करायचे होते. रहस्यकथा लेखक मदतीला आले. वाचकांनी देणगी देऊन आपल्या आवडत्या लेखकाला मत द्यायचं आणि जिंकणाऱ्याचं नाव शवागाराला मिळायचं, अशी योजना होती. व्हॅल मॅकडर्मिड जिंकल्या. त्या शवागाराला आज त्यांचं नाव आहे.

उलगड्याच्या प्रकरणाबद्दल फार लिहीत नाही. तिथे नवी माहिती येता कामा नये, आणि खुन्याने स्वतःहून कबुली दिली म्हणून कोडं सुटलं असं होऊ नये. एवढं सांभाळलं तर बाकी लेखकाच्या आवडीवर सोडावं.

राहिला प्रश्न तपासणीचा. लेखकाला स्वतःच्या कथेतला धागा सोपा आहे की अवघड, हे कधीच कळत नाही. त्याला उत्तर माहीत असल्यामुळे घड्याळ, मालिका, घंटा त्याच्या डोळ्यांसमोर सतत चमकत असतात. इथे दुसरी माणसं लागतात. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात विद्यार्थ्यांचं एक रहस्यकथा मंडळ आहे. तिथे कथा उलगड्याच्या आधी थांबवून बाकीच्यांनी खुनी ओळखायचा, असा खेळ चालत आला आहे. १९८७ साली जपानमध्ये जुन्या पद्धतीच्या, वाचकाशी प्रामाणिक असलेल्या कोड्यांची नवी लाट आली. ती ज्यांच्या कादंबरीपासून सुरू झाली ते युकितो आयात्सुजी याच मंडळातले. समोर बसलेल्या मित्रांकडून हरण्याची आणि त्यांना हरवण्याची सवय असलेला लेखक आळशी धागा पेरायला धजत नाही.

हे कुठल्याही लेखकगटाला करता येतं. शेवटचं प्रकरण काढून हस्तलिखित पाच-सहा जणांना द्या. फक्त खुन्याचं नाव विचारू नका, कारणही लिहून मागा. सगळ्यांनी बरोबर नाव आणि बरोबर कारण लिहिलं तर धागा फार वर आलाय, त्याला एखादं वेगळं काम देऊन खाली ढकला. नाव बरोबर पण कारण "उगाच वाटलं" असं आलं, तर घोळ धाग्यात नाही. बहुधा लेखनिक फारच गोड वागतोय किंवा कथेत त्याला दुसरं काही कामच नाही. त्याला काम द्या. कोणालाच ओळखता आलं नाही, तर शेवटचं प्रकरण त्यांच्या हातात द्या आणि ते वाचताना कोण मागची पानं उलटून बघतं ते पाहा. जो शेजारणीच्या मालिकेचं पान शोधायला मागे जातो, त्याच्यापुरता धागा बरोबर बसलाय. जो मागे न जाता "हे कुठे होतं?" असं विचारतो, त्याला ते पान काढून दाखवा आणि तो कुठल्या वाक्यावरून घसरला ते त्याच्याकडूनच समजून घ्या. दुरुस्ती त्याच वाक्यापासून सुरू करा.